जोरासांको ठाकूरबाडी : खिडकीतून जग पाहणाऱ्या मुलाचे घर

कोलकात्याला जाणारा मराठी प्रवासी व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि सवड असल्यास शांतिनिकेतन असा बेत आखतो. रवींद्रनाथांचे जन्मघर, म्हणजे जोरासांकोची ठाकूरबाडी, त्याच्या यादीत असलीच तर ‘वेळ उरला तर पाहू’ या खात्यावर जमा असते. शांतिनिकेतन पाहिले म्हणजे रवींद्रनाथ पाहून झाले, असा एक समज आपल्याकडे आहे. माझे मत याच्या उलट आहे. शांतिनिकेतन ही त्यांनी पुढे घडवलेली गोष्ट आहे. ज्या घराने त्यांना घडवले, आणि ज्याच्या चार भिंतींत राहून एका मुलाने बाहेरच्या जगाची भूक साठवली, ते घर चितपूरच्या गजबजाटात आहे आणि ते निवांतपणे पाहण्यासारखे आहे. मात्र तयारी न करता गेल्यास तिथे काही जुन्या खोल्या, छायाचित्रे आणि झगे यांपलीकडे फारसे हाती लागणार नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

पोहोचणे सोपे आहे. मेट्रोने गिरीश पार्क किंवा महात्मा गांधी रोड या स्थानकांवर उतरून चालत जाता येते. मुंबईहून किंवा नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरणाऱ्यांना पूल ओलांडला की बडाबाजार आणि पुढे चितपूरचा भाग लागतो. (ही गाडी १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली आणि त्या वेळी तिला वरचा वर्गच नव्हता; रवींद्रनाथांच्या पुस्तकाचे नाव मिरवणाऱ्या गाडीने त्यांच्या घरी जाण्यात एक औचित्य आहे, एवढेच.) पूर्वीचा चितपूर रोड आता रवींद्र सरणी म्हणून ओळखला जातो. हातगाड्या, हमाल, ठोक मालाची दुकाने आणि जात्रा या बंगाली लोकनाट्याच्या मंडळ्यांच्या जाहिराती यांतून वाट काढत द्वारकानाथ ठाकूर गल्लीत शिरावे लागते. शक्य असेल तर हे अंतर टॅक्सीने न जाता पायीच कापावे, अशी माझी शिफारस आहे. त्या मुलाला या रस्त्यावर मोकळेपणाने येण्याची परवानगी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी असलेला हा कोलाहल एकदा कानांत भरून घेतला, म्हणजे आतून तो त्याला कसा ऐकू येत असेल याची कल्पना करणे सोपे जाते.

वास्तूचा इतिहास १७८४ पर्यंत मागे जातो. नीलमणी ठाकूर यांनी तेव्हा इथे घर बांधले. कुटुंबाला वैभव आणले ते रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ यांनी. त्यांनी इंग्रज भागीदाराबरोबर कार-टागोर कंपनी काढली, १८४२ मध्ये ते विलायतेला गेले आणि १८४६ मध्ये लंडनमध्येच वारले. वडील देवेंद्रनाथ ब्राह्मो समाजाचे नेते. लोक त्यांना महर्षी म्हणत. जगाशी या घराचा संबंध असा दोन पिढ्या आधीच जुळलेला होता, पण ७ मे १८६१ रोजी जन्मलेल्या चौदाव्या अपत्याच्या वाट्याला तो थेट आला नाही. रवींद्रजन्मशताब्दीच्या सुमारास सरकारने वास्तू ताब्यात घेऊन तिथे संग्रहालय उभे केले आणि १९६२ मध्ये रवींद्र भारती विद्यापीठ स्थापन झाले. तांबडा रंग, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, मध्ये प्रशस्त अंगण आणि त्याभोवती वऱ्हांडे असे आज दिसणारे रूप आहे.

आत गेल्यावर जोडे काढून ठेवावे लागतात आणि दालनांमध्ये छायाचित्रण करता येत नाही. या दोन्ही नियमांबद्दल काही जण कुरकुर करतात. मला दोन्ही आवडले. अनवाणी चालताना आवाज होत नाही आणि मोबाइल खिशात राहिल्यामुळे लोक निदान समोरच्या वस्तूकडे पाहतात. मंद आवाजात रवींद्रसंगीत चालू असते. जन्माची खोली, पत्नी मृणालिनीदेवींचे स्वयंपाकघर, आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी ज्या खोलीत कवीने शेवटचा श्वास घेतला ती खोली, हे सर्व पाहता येते. शेवटच्या खोलीपाशी बहुतेक लोक आपोआप हळू बोलू लागतात. शिवाय जपान, चीन, अमेरिका अशा देशांशी असलेल्या रवींद्रनाथांच्या नात्यावर स्वतंत्र दालने आहेत. १९१६ चा जपानचा प्रवास, १९२४ चा चीनचा दौरा, अमेरिकेतील व्याख्याने, अशा टप्प्यांची छायाचित्रे तिथे क्रमाने पाहता येतात. दाढी, झगा आणि ती स्थिर नजर अशी मूर्ती भिंतीवरून पुन्हा पुन्हा आपल्याकडे पाहत राहते, आणि थोड्या वेळाने हा माणूस जन्मतःच विश्वकवी होता की काय, असे वाटू लागते.

या घराचे खरे परीक्षण मी इथून सुरू करीन. रवींद्रनाथांनी आपल्या बालपणाविषयी दोनदा सविस्तर लिहिले: पन्नाशीत ‘जीवनस्मृती’मध्ये आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी ‘छेलेबेला’मध्ये. ही दोन पुस्तके वाचून घरात पाऊल ठेवणारा माणूस आणि न वाचता ठेवणारा माणूस एकच घर पाहत नाहीत. संग्रहालय वस्तूंवर चालते, आणि या मुलाकडे वस्तू नव्हत्याच. घराणे श्रीमंत असले तरी मुलांची राहणी अगदी साधी होती. दहा वर्षांचे होईपर्यंत पायांत मोजे नसत. थंडीत एकावर दुसरा सुती सदरा चढवला की झाले. मुलाची तक्रार एकच होती: नियामत नावाचा शिंपी सदऱ्याला खिसा लावायला विसरे, आणि खिशात ठेवण्याजोगी संपत्ती तर प्रत्येक मुलापाशी असतेच. असा बिनखिशाचा सदरा कुठल्या काचेच्या कपाटात मांडणार? या मुलाच्या वाट्याला जे आले ते आवाजांच्या, वासांच्या, दुरून दिसलेल्या माणसांच्या आणि ऐकीव बातम्यांच्या रूपाने आले. म्हणून इथे मांडलेल्या वस्तूंपेक्षा वास्तूकडे, म्हणजे खिडक्या, जिने, वऱ्हांडे आणि अंगण यांच्याकडे, अधिक वेळ द्यावा.

सर्वांत आधी एखाद्या खिडकीशी उभे राहावे. झडपांना आडव्या लाकडी पट्ट्या असतात. त्या किंचित तिरप्या केल्या की आतल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. मुलांचा ताबा नोकरांकडे होता, आणि खुलना जिल्ह्यातून आलेल्या श्याम नावाच्या नोकराने कामातून सुटका करून घेण्यासाठी एक युक्ती काढली होती. तो रवीला एका जागी बसवी, भोवती खडूने वर्तुळ काढी आणि गंभीर चेहऱ्याने बजावी की रेघ ओलांडलीस तर संकट ओढवेल. संकट कसले, हे तो सांगत नसे. रवीने रामायणातील लक्ष्मणरेषेची कथा ऐकलेली होती, तेव्हा रेघ ओलांडण्याचा प्रश्नच नव्हता. सुदैवाने ते वर्तुळ खिडकीजवळ असे. खाली दगडी पायऱ्यांचे तळे, पूर्वेच्या भिंतीलगत मोठा वड, दक्षिणेला नारळांची रांग. सकाळपासून एकेक शेजारी आंघोळीला येई आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी: कुणी कानांत बोटे घालून भराभर बुड्या मारी, कुणी बुडी न मारता पंचा भिजवून डोक्यावर पिळी, कुणी वरच्या पायरीवरूनच धाडकन उडी घेई. दुपारी तळे रिकामे झाले की बदके आणि वडाच्या पारंब्यांखालचा अंधार एवढेच उरे, आणि मुलाला तो अंधार सर्वांत अधिक ओढून घेई. एका खिडकीतून दिसलेल्या या चौकटीवर त्याने पुढे पानेच्या पाने लिहिली. हे तळे आणि हा वड आज शोधू नयेत. आत्मचरित्र लिहीपर्यंतच दोन्ही नाहीसे झाल्याचे कवीनेच नोंदवले आहे. आवाराबाहेर भेटलेल्या एका हौशी वाटाड्याने मला एका झाडाकडे बोट दाखवून ‘तोच तो वड’ म्हणून छातीठोकपणे सांगितले. अशा माहितीसाठी पैसे मोजू नयेत.

खालच्या मजल्यावरून जाताना पाण्याची आठवण ठेवावी. नळ येण्यापूर्वी माघ-फाल्गुनात पाणके कावडींनी गंगेचे पाणी आणून तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांतील मोठमोठ्या रांजणांत वर्षभरासाठी भरून ठेवीत. त्या ओलसर अंधारात कोण राहते याविषयी मुलांच्या मनात भक्कम कल्पना होत्या आणि तिथून जाताना ती पळतच जात. पुढे शहरात नळाचे पाणी आले, आणि ते वरच्या मजल्यापर्यंत चढले. वडिलांच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. ते बहुतेक वेळ हिमालयात किंवा अन्यत्र प्रवासात असत, खोल्या बंद असत. झडपेतून हात घालून कडी काढायची, आत शिरायचे, भर दुपारी त्या निर्मनुष्य खोलीत कोचावर बसून राहायचे आणि मग नळ मनसोक्त सोडून अंघोळ करायची, हा रवीचा चोरटा आनंद होता. नवे यंत्रयुग त्याला भेटले ते असे, वडिलांच्या न्हाणीघरात. कचेरीच्या वऱ्हांड्यात आजीच्या काळातील एक मोठी पालखी धूळ खात पडली होती. सुटीच्या दिवशी तो तिची दारे लावून आत बसे, आणि ती जागची न हलता जंगले, वाघ, समुद्र पार करी. वऱ्हांड्यातून चालताना या पालखीचा विचार मनात ठेवला, तर पुढील देशोदेशींच्या दालनांना निराळाच अर्थ येतो: जपान आणि अमेरिका गाठणाऱ्या प्रवाशाचे पहिले वाहन हे होते.

अंगणात आल्यावर मात्र घाई करू नये. बाहेरचे जग मुलाकडे येत असे ते याच बाजूने, आणि त्याचा सर्वांत चवदार भाग आहे माणसांचा. घुंगरू लावलेला अंगरखा घालून गुलाबाचे अत्तर विकायला येणारा गॅब्रिएल नावाचा ज्यू. मळकट सैल विजारी आणि पाठीवर बोचकी घेऊन येणारे धिप्पाड काबुली, ज्यांची भीतीही वाटे आणि ओढही. एकदा वडिलांबरोबर लेनू नावाचा पंजाबी नोकर घरी आला, तर मुलांच्या लेखी तो साक्षात रणजितसिंहाच्या तोलाचा ठरला. आईच्या खोलीत काचेच्या झाकणाखाली एक किल्लीचे जहाज होते. किल्ली दिली की रंगवलेल्या रेशमी लाटांवर ते डुलत असे आणि आत बाजा वाजे. ते आईकडून अजिजीने मागून आणून या पंजाब्याला दाखवणे, ही रवीने परप्रांतीय पाहुण्याला दिलेली मोठ्यात मोठी मेजवानी होती. बंगालच्या बाहेरचा एक माणूस आणि समुद्रावरचे एक खोटे जहाज हे एकाच वऱ्हांड्यात समोरासमोर आलेले मला हे घर पाहताना सारखे दिसत होते.

पण या घरातील माझा सर्वांत आवडता प्रसंग रशियाचा आहे. रशियन सैन्य हिंदुस्थानवर चालून येणार, अशी आवई त्या काळी अधूनमधून उठत असे. कुणा हितचिंतक बाईने ती आई शारदादेवींच्या कानी घातली, तीही तिखटमीठ लावून. देवेंद्रनाथ तेव्हा हिमालयात. म्हणजे रशियन आले तर आधी तेच वाटेत सापडणार. घरातील मोठ्यांपैकी कुणी ही भीती मनावर घेईना, तेव्हा आईने धाकट्या मुलाला गाठले आणि वडिलांना पत्र लिहून रशियनांची बातमी कळवायला सांगितले. पत्राचा मायना कसा लिहितात, शेवट कसा करतात, हे रवीला ठाऊक नव्हते. तो जमीनदारीच्या कचेरीत महानंद मुन्शींकडे गेला. मजकूर रिवाजाला धरून झाला, फक्त त्याला कचेरीतील जुन्या दप्तरांचा वास लागला. उत्तर आले. वडिलांनी लिहिले होते की भिण्याचे कारण नाही, रशियन आलेच तर मी स्वतः त्यांना हाकलून देईन. आईचे समाधान या उत्तराने झाले नाही, पण मुलाची वडिलांविषयीची भीड चेपली आणि त्याला रोजच पत्र लिहावेसे वाटू लागले. महानंद काही दिवस मसुदे करून देत राहिले. टपालखर्च कुणी द्यायचा हा प्रश्न होताच. मुलाची समजूत अशी की मुन्शींच्या हाती पत्र दिले म्हणजे ते पोहोचलेच. ती पत्रे हिमालयापर्यंत कधीच गेली नाहीत. पुढे जगभरातल्या माणसांना पत्रे लिहिणाऱ्या या लेखकाचा पत्रव्यवहार साम्राज्यांच्या राजकारणापासून सुरू झाला आणि कचेरीतच अडकला, ही गोष्ट त्या घरातच उभे राहून आठवावी अशी आहे. १९३० साली ते खरोखरच रशियाला गेले आणि तिथून त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक झाले.

पुस्तकांतून आणि शाळांतून जग किती आले? पुस्तकांतून पुष्कळ, शाळांतून फारसे नाही. तिसऱ्या भावाच्या कपाटात राजेंद्रलाल मित्र यांच्या ‘विविधार्थसंग्रह’ या सचित्र मासिकाचा एक बांधलेला खंड होता. सुटीच्या दुपारी पलंगावर उताणे पडून, ते चौकोनी पुस्तक छातीवर ठेवून, नारव्हाल नावाच्या शिंगवाल्या देवमाशाचे वर्णन तो वाचत असे. शाळा मात्र एकामागून एक बदलल्या आणि एकही मानवली नाही. नॉर्मल स्कूलमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी मुलांना ओळीने बसवून इंग्रजी गाणे म्हणायला लावीत. अर्थ कुणालाच कळत नसे आणि शब्द मुलांच्या तोंडी पडून ‘कलोकी पुलोकी सिंगिल मेलालिंग’ असे काहीतरी होऊन बसले होते. पुढे मोठेपणी रवींद्रनाथांनी त्यातल्या शेवटच्या भागाचा उलगडा केला, पण पहिला शब्द मूळचा काय होता हे त्यांनाही सापडले नाही. इंग्रजी माध्यमाच्या पायरीवर उभ्या असलेल्या आपल्या घरोघरच्या मुलांना हा प्रसंग अवश्य सांगावा. घरी संध्याकाळी इंग्रजी शिकवायला अघोरबाबू येत. ते वैद्यकीचे विद्यार्थी होते आणि कितीही पाऊस पडला तरी त्यांची काळी छत्री गल्लीच्या वळणावर उगवल्याशिवाय राहत नसे. मुलांची झोप उडवण्यासाठी त्यांनी एकदा खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्यातून माणसाच्या घशाची नळी बाहेर काढून दाखवली. आवाजाचे गूढ असे कापून मेजावर ठेवता येते, या कल्पनेनेच रवी खिन्न झाला.

घराबाहेर पहिले पाऊल पडले ते तापाच्या साथीमुळे. कोलकात्यात डेंगीची साथ पसरली आणि कुटुंबातील काही मंडळी गंगाकाठी पेनेटीच्या एका बागबंगल्यात राहायला गेली. नोकरांच्या खोलीपुढे पेरूची झाडे होती आणि त्यांच्यापलीकडे नदी. तिथेही गावात हिंडण्याची मुभा नव्हती, पण नदी समोर होती आणि होड्या जात-येत होत्या. नंतर १८७३ मध्ये मुंज झाली. मुंडण केलेले डोके घेऊन शाळेत कसे जावे या चिंतेत मुलगा असतानाच वडिलांनी विचारले, हिमालयात येतोस का? या प्रवासाची तयारी भाचा सत्यप्रसाद याने आपल्या परीने केली होती: आगगाडीत चढणे हे मोठे कौशल्याचे आणि धोक्याचे काम असते, घट्ट धरून बसले नाही तर धक्क्याने माणूस कुठल्या कुठे फेकला जातो. प्रत्यक्षात गाडीत चढणे इतके सोपे निघाले की रवी हिरमुसला. वाटेत शांतिनिकेतनजवळच्या बोलपूरला रात्री उतरल्यावर पालखीत त्याने डोळे मिटून घेतले. सगळी नवलाई सकाळच्या उजेडात एकदमच पाहायची होती.

वडिलांनी त्याच्यावर पैशांच्या पेटीची आणि सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याची जबाबदारी टाकली. किल्ली त्याने एवढ्या निष्ठेने दिली की घड्याळ दुरुस्तीसाठी कोलकात्याला पाठवावे लागले. वाटेत एका मोठ्या स्थानकावर अर्ध्या तिकिटावरून रेल्वे अधिकाऱ्यांनी संशय घेतला, मुलगा बारा वर्षांवरचा दिसतो म्हणाले. महर्षींनी पूर्ण भाडे दिले आणि परत आलेली मोड फलाटावर भिरकावून दिली; दगडी फरशीवरचा तो खणखणाट मुलगा विसरला नाही. अमृतसरला सुवर्णमंदिरातील कीर्तन, डलहौसीजवळ बक्रोट्याच्या टेकडीवरचे घर, पहाटे संस्कृतचे पाठ, रात्री ताऱ्यांची ओळख असा तो प्रवास झाला. परतल्यावर घराने त्याला वेगळ्या नजरेने पाहिले. तोवर नोकरांच्या ताब्यात वाढलेल्या मुलाला अंतःपुरात मानाची जागा मिळाली आणि गच्चीवर आईच्या संध्याकाळच्या बैठकीत तो मुख्य वक्ता झाला. नुकतीच शिकलेली खगोलविद्या त्याने तिथे उदारपणे वाटली. आई पुढे दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, गेली. जन्माची खोली पाहताना ही बैठक आठवावी.

मराठी वाचकासाठी या कथेचा पुढचा मुक्काम खास आपला आहे. मधले भाऊ सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात होती. अहमदाबाद, सातारा, सोलापूर, कारवार अशा ठिकाणी ते राहिले, मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७८ मध्ये सतरा वर्षांच्या रवींद्राला विलायतेला धाडायचे ठरले तेव्हा तो आधी अहमदाबादेत शाहीबागेच्या वाड्यात राहिला आणि मग इंग्रजी बोलणे व रीतभात शिकण्यासाठी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी आला. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. त्यांची विलायतेहून शिकून आलेली कन्या अन्नपूर्णा, म्हणजे अॅना, ही त्याची शिक्षिका झाली. तिला त्याने ‘नलिनी’ हे नाव दिले आणि त्या नावाचे गाणेही रचले. परक्या घरात, परक्या भाषेच्या लोकांत स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा त्याचा पहिला धडा मुंबईतल्या एका मराठी घरात झाला. जोरासांकोचे देशोदेशींचे दालन पाहताना मी हा दुवा मनातल्या मनात त्यात जोडून घेतला. आपणही घ्यावा.

आता हे घर कुणी पाहावे? लहान मुलांना नेण्यास मुळीच कचरू नये, मात्र त्यांना थेट ‘नोबेल मिळालेले कवी’ म्हणून न सांगता खडूच्या वर्तुळापासून सुरुवात करावी. माझ्यासमोरच शाळेच्या एका गटातील मुले मोठ्या छायाचित्रांपुढून पटापट पुढे सरकली आणि झडपांच्या पट्ट्या खालीवर करून पाहण्यात रमली. पहारेकऱ्याने दटावले, पण माझ्या मते घरातील खरा ऐवज त्यांनाच सापडला होता. फक्त फोटोसाठी जाणाऱ्यांनी अंगणातून बाहेर यावे, आत त्यांची निराशा होईल. चित्रकलेत रस असेल तर रवींद्रनाथांचे चित्रकार पुतणे गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ यांच्यासाठी थोडा वेळ राखावा. त्यांचे शेजारचे घर आता उरलेले नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी जिन्यांचा अंदाज घेऊन जावे. सर्व नीट पाहायला अर्धा दिवस लागतो. तासाभरात उरकायचे असेल तर देशोदेशींची दालने सोडून जन्मखोली, स्वयंपाकघर, वऱ्हांडे आणि अंगण एवढेच पाहावे.

संग्रहालय सोमवारी बंद असते. सरकारी सुट्यांची चौकशी आधी करावी. बंगाली पंचांगानुसार कवीच्या जन्मदिवशी, पंचवीस वैशाखाला, म्हणजे मे महिन्याच्या ८ किंवा ९ तारखेला, अंगणात सकाळपासून गाण्याचे कार्यक्रम होतात आणि सारे कोलकाता लोटते. उत्सव पाहायचा असेल तर तोच दिवस उत्तम, घर पाहायचे असेल तर तो टाळावा; बावीस श्रावणाला, म्हणजे पुण्यतिथीलाही, तेच लागू. दुसरा अर्धा दिवस हाती असेल तर सियालदहहून लोकल पकडून सोदपूरला उतरावे आणि रिक्षाने पानिहाटीच्या घाटावर जावे. पेनेटी ती हीच. सकाळी लवकर निघाल्यास लोकलमध्ये बसायला जागा मिळते.